‘सरळ बस’ म्हणून पाठ सरळ होत नाही

पत्र : माझा मुलगा १२ वर्षांचा आहे. गेल्या वर्षभरात तो ८ सेंटीमीटर उंच झाला आणि तेव्हापासून पोक काढूनच चालतो, बसतो. मान पुढे, खांदे आत वळलेले, पोट पुढे आणि कंबरेत खोल बाक. अभ्यासाला बसला की अर्ध्या तासात ‘पाठीत मधोमध दुखतंय’ म्हणतो. शाळेतल्या आरोग्य तपासणीत ‘शरीरस्थितीमुळे स्नायूंचे असंतुलन, व्यायाम द्यावा’ असा शेरा आला, पण कोणता व्यायाम ते काही लिहिलं नाही. आम्ही दिवसभर ‘सरळ बस’ म्हणत असतो. खांदे मागे ओढणारा पट्टा आणलाय, तो रोज दोन तास लावतो. कुणी बारला लटकायला सांगतं, कुणी रोज पन्नास क्रंचेस मारायला. रात्री तो पाठ दाबून मागतो. दाबली की बरं वाटतं, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. त्याचा एक खांदाही किंचित खाली वाटतो. नेमकं काय करू? — एक आई

उत्तर : खांद्याबद्दल तुम्ही अगदी शेवटी, जाता जाता लिहिलंय, पण सुरुवात तिथूनच करायला हवी. व्यायाम सुरू करण्याआधी एक गोष्ट ठरली पाहिजे : हा बाक सवयीचा आणि स्नायूंचा आहे, की मणक्यांच्या रचनेतच काही बदल आहे? पहिल्या प्रकारात खाली दिलेले व्यायाम हाच मुख्य उपचार. दुसऱ्या प्रकारात नुसत्या व्यायामावर विसंबून वाढीच्या वयातले मोलाचे महिने वाया जातात.

शर्ट काढून मुलाला पाठमोरं उभं करा. पावलं जुळलेली, गुडघे सरळ, दोन्ही तळवे एकमेकांना जोडलेले. आता डोकं आधी खाली सोडून सावकाश पुढे वाकू दे, पाठ जमिनीला समांतर होईपर्यंत. तुमचे डोळे त्याच्या पाठीच्या पातळीला आणा आणि बघा, डावी-उजवी बाजू सारखी दिसते का? एका बाजूच्या बरगड्या किंवा कंबरेची एक बाजू उंचवट्यासारखी वर आली, तर अस्थिरोगतज्ज्ञांना दाखवा. कणा बाजूला वळतो तेव्हा मणके नुसते सरकत नाहीत, स्वतःभोवती फिरतातही, आणि बरगड्यांना आपल्याबरोबर फिरवतात. तो उंचवटा याचाच असतो. याला स्कोलिओसिस म्हणतात, आणि एक्स-रेवर १० अंश किंवा त्याहून जास्त वक्रता असली तरच हे निदान होतं. वाकल्यावर पाठ दोन्हीकडे सपाट दिसत असेल आणि फक्त उभं राहिल्यावर एक खांदा खाली वाटत असेल, तर बहुतेक वेळा कारण साधं असतं. लिहित्या हाताचा खांदा थोडा खाली असणं नेहमीचंच आहे, आणि एकाच खांद्यावर दप्तर अडकवायची सवयही बघा.

दुसरी तपासणी पोक लवचिक आहे का याची. मुलाला पालथं झोपवा, तळवे छातीशेजारी ठेवून छाती थोडी वर उचलायला सांगा, नजर जमिनीकडेच. बाजूने बघितल्यावर पाठीचा फुगवटा सपाट होतो का? झाला तर ठीक. झाला नाही, किंवा उभ्याने पुढे वाकल्यावर पाठीच्या मध्यावर टोकदार कोन दिसत असेल, तर शॉयरमान नावाचा विकार आहे का हे तपासून घ्यावं लागतं. त्यात शेजारशेजारचे तीन किंवा अधिक मणके पुढच्या बाजूने प्रत्येकी ५ अंश किंवा जास्त निमुळते होतात, आणि ते बाजूने काढलेल्या एक्स-रेतच समजतं. तो सुरू होतो याच वयात, म्हणून ‘वय वाढलं की जाईल’ यावर सोडून देऊ नका.

तिसरी गोष्ट दुखण्याची जात. बसून वाढणारं आणि उठून फिरल्यावर कमी होणारं दुखणं बहुधा स्नायूंचं असतं. तुमच्या मुलाचं वर्णन त्यात बसतं. पण रात्री झोपेतून उठवणारं दुखणं, ताप, वजन घटणं, पायात मुंग्या किंवा अशक्तपणा, लघवी-शौचावरचा ताबा बिघडणं, सकाळी अर्धा-पाऊण तास पाठ ताठ राहणं, किंवा मागे वाकलं की कंबरेत एका जागी कळ येणं (खेळाडू मुलांमध्ये हे मणक्याच्या ताण-फ्रॅक्चरचं लक्षण असू शकतं), यातलं काहीही असेल तर व्यायाम बाजूला ठेवून आधी डॉक्टर. चार आठवड्यांहून जास्त टिकणारं दुखणंही दाखवलंच पाहिजे.

तपासण्या नीट निघाल्या असं धरून पुढे लिहिते आहे.

‘असंतुलन’ हा शब्द मोठा भासतो, अर्थ मात्र साधा आहे. सांध्याच्या एका बाजूचे स्नायू आखडून आखूड झालेले आणि विरुद्ध बाजूचे ताणले जाऊन थकलेले. चेक डॉक्टर व्लादिमीर यांडा यांनी याचा एक ठरावीक नमुना दाखवला, बाजूने बघितल्यावर फुलीसारखा : एका तिरक्या रेघेवर आखडलेले स्नायू, तिला छेदणाऱ्या दुसरीवर ढिले. वरच्या फुलीत कवटीच्या पायथ्याचे छोटे स्नायू, मान आणि खांद्यांमधले वरचे स्नायू आणि छातीचे स्नायू आखडतात. मानेच्या पुढचे खोलवरचे स्नायू आणि खांद्याचं पातं बरगड्यांवर धरून ठेवणारे स्नायू ढिले पडतात. खालच्या फुलीत मांडी पोटाकडे ओढणारे जांघेतले स्नायू आणि कंबरेचे स्नायू आखडतात. पोट आणि कुल्ले कामचुकार होतात. मान पुढे, खांदे आत, पोट पुढे, कंबरेत बाक : तुम्ही दोन्ही फुल्या ओळीने लिहून पाठवल्या आहेत. हा नमुना नकाशा म्हणून उपयोगी आहे, नियम म्हणून नाही. प्रत्येक मुलात तो पूर्ण सापडेलच असं नाही.

आता पाठ दाबण्याबद्दल, कारण सगळ्यात जास्त गल्लत इथे होते. दुखणारा स्नायू हा आखडलेलाच असतो असं आपण गृहीत धरतो. तुमच्या मुलाच्या पाठीत, दोन पात्यांच्या मध्ये जे दुखतं, ते स्नायू आखूड नाहीत. ते लांब ताणले गेले आहेत, आणि त्या ताणलेल्या अवस्थेतच पुढे झुकलेलं डोकं आणि लोंबणारे हात तासन्‌तास धरून ठेवताहेत. दोरी दोन्हीकडून ओढून धरली की कडक लागते, तशीच ती पाठ हाताला कडक लागते. दाबल्याने रक्ताभिसरण वाढतं, थोडा वेळ बरं वाटतं, त्यात वाईट काही नाही. पण हात छातीवरून आडवे ओढून पाठीला आणखी ताण देणारे जे व्यायाम मुलं आपणहून करतात, ते नकोत. आधीच लांब झालेलं आणखी लांब होतं. ताण द्यायचा तो पुढच्या बाजूला, छातीला. पाठीला द्यायची ती ताकद.

आणि हे आत्ताच का झालं? लहान मुलाची उंची वर्षाला साधारण ५ ते ६ सेंटीमीटर वाढते. ८ सेंटीमीटर म्हणजे वाढीची उसळी सुरू झाली. मुलींमध्ये ती साधारण १२व्या, मुलांमध्ये १४व्या वर्षाच्या आसपास कळसाला पोचते. हाडं आधी लांब होतात, स्नायू मागून त्यांना गाठतात, आणि अचानक लांब झालेले हातपाय सांभाळायला मेंदूलाही नव्याने शिकावं लागतं. याचा एक व्यावहारिक अर्थ असा की हे महिनाभराचं काम नाही. वाढ चालू असेपर्यंत, कमी प्रमाणात का होईना, ते चालू ठेवावं लागेल.

‘सरळ बस’ म्हटल्यावर तो काय करतो ते एकदा बाजूने बघा. छाती पुढे काढतो, श्वास रोखतो आणि कंबर आणखी आत घालतो. म्हणजे वरचा बाक लपवायला खालचा वाढवतो, आणि ज्या स्नायूंत टिकून राहायची ताकदच नाही ते मिनिटभरात हात टेकतात. यात त्याचा हट्टीपणा नाही. शिवाय एक गोष्ट मनापासून सांगावीशी वाटते : उंच होणारं मूल आधीच स्वतःच्या शरीराबद्दल अवघडलेलं असतं. दिवसातून वीस वेळा टोकलं की ते आणखी आक्रसतं. ‘मोठेपणी कुबड येईल’ अशी भीती तर घालूच नका. नुसत्या वाकून बसण्याने पुढे हमखास पाठदुखी होते, असं म्हणायला भक्कम आधार नाही. त्रास होतो तो एकाच स्थितीत फार वेळ राहण्याने, मग ती स्थिती ‘बरोबर’ का असेना.

पट्टा कपाटात ठेवा. तो खांदे मागे ओढून धरतो, पण ते काम पट्टा करतो, स्नायू नाही. काढला की खांदे परत जागेवर. घट्ट बांधला तर काखेत दाब येऊन हातात मुंग्या येतात ते वेगळंच. (स्कोलिओसिससाठी डॉक्टरांनी मापाने बनवून दिलेला ब्रेस ही पूर्णपणे वेगळी गोष्ट आहे. कुणाच्या मुलाला तो दिला असेल तर हे वाचून काढू नये.) क्रंचेसही नकोत. त्यात मुलं मान हिसडून पुढे ओढतात, छाती ओटीपोटाकडे दुमडतात, आणि कुणी पावलं दाबून धरली की पोटाऐवजी जांघेतले स्नायूच बहुतेक काम करतात, म्हणजे जे आधीच आखडलेत तेच. बारला १०-१५ सेकंद लटकणं आवडत असेल तर खुशाल लटकू दे, फक्त उतरताना उडी नको. त्याने पोक जाईल ही अपेक्षा मात्र ठेवू नका.

आता व्यायाम. आधी आखडलेलं सोडवायचं, मग ढिलं झालेलं जागं करायचं. क्रम उलटा केला तर छाती खांद्यांना पुढे ओढत राहते आणि पाठीच्या स्नायूंना त्यांचं काम करायला जागाच मिळत नाही. सोडवण्याचे व्यायाम आठवड्यातून पाच-सहा दिवस, ताकदीचे एक दिवसाआड. एका वेळी २० मिनिटांपेक्षा जास्त नको. लांबलेला कार्यक्रम तिसऱ्या आठवड्यात बंद पडतो.

पहिला टॉवेलचा. मोठा टॉवेल घट्ट गुंडाळून ८ ते १० सेंटीमीटर जाडीची वळकटी करा. मुलाने गुडघे वाकवून उताणं झोपायचं, वळकटी पाठीखाली आडवी, पात्यांच्या खालच्या टोकाशी. हात डोक्यामागे, म्हणजे मानेला आधार राहतो. सावकाश ८ ते १० श्वास. प्रत्येक उच्छ्वासाला पाठ वळकटीवर सैल सोडायची. मग वळकटी ३-४ सेंटीमीटर वर सरकवून तेच, अशा तीन जागा. नेहमीची चूक म्हणजे वळकटी कंबरेखाली जाते. तिथे आधीच बाक जास्त आहे, तो आणखी वाढतो. कुल्ले जमिनीवर टेकलेले राहिले आणि खालच्या बरगड्या वर उसळल्या नाहीत, तर जागा बरोबर आहे. मानेखाली वळकटी कधीच नाही.

दुसरा छातीचा, दाराच्या चौकटीत. एक हात कोपरात वाकवून कोपरापासून मनगटापर्यंतचा भाग चौकटीला टेकवा, कोपर खांद्याच्या उंचीला. त्याच बाजूचा पाय पुढे टाकून छाती हळूच विरुद्ध बाजूला वळवा. ३० सेकंद, प्रत्येक बाजूला तीनदा. ताण छातीच्या मांसल भागात जाणवायला हवा. खांद्याच्या सांध्याच्या पुढच्या टोकाला टोचत असेल, तर सांधा पुढे ढकलला जातोय. कोपर थोडं खाली घ्या, ताण कमी करा. दोन्ही हात एकदम लावून दारात पुढे झुकायची पद्धत दिसायला छान, पण या मुलांची कंबर त्यात लगेच आत जाते. म्हणून एका वेळी एकच बाजू.

तिसरा जांघेचा, आणि हा बहुतेक जण चुकवतात. उजवा गुडघा घडी केलेल्या टॉवेलवर टेकवा, डावं पाऊल पुढे, दोन्ही गुडघे काटकोनात. पुढे झेप घेण्याआधीच उजवा कुल्ला आवळायचा आणि माकडहाड खाली-आत वळवायचं, जणू ओटीपोट बेंबीकडे उचललं जातंय. एवढ्यानेच उजव्या मांडीच्या वरच्या भागात ओढ जाणवली पाहिजे. मग फक्त २-३ सेंटीमीटर पुढे. ३० सेकंद, दोन्ही बाजूंना दोन-तीनदा. माकडहाड न वळवता भरपूर पुढे गेलेलं मूल फार लवचिक दिसतं, पण सगळी हालचाल कंबरेतून आलेली असते आणि जांघ तशीच आखडलेली राहते. ओढ कंबरेत जाणवली की समजा, मागे या.

मांडीचा मागचा भाग आखडलेला असेल तर बसताना तो कटी (ओटीपोटाभोवतीची हाडांची चौकट) मागे ओढतो आणि पाठ आपोआप गोल होते. त्यासाठी दाराच्या कडेशी उताणं झोपून एक पाय भिंतीवर सरळ, दुसरा दारातून जमिनीवर, ३० सेकंद दोनदा. इतकं पुरे.

एक अपवाद मात्र ठळकपणे लक्षात ठेवा. मनगट वाकवून अंगठा सहज त्याच हाताच्या कोपर-मनगटामधल्या भागाला टेकतो, कोपरं-गुडघे उलट्या बाजूला वळतात, गुडघे न वाकवता तळवे जमिनीवर पूर्ण टेकतात, असं मूल असेल तर त्याला ताणाचे व्यायाम देऊ नका. सैल सांध्यांची मुलंही पोक काढून बसतात, कारण ती स्नायूंऐवजी अस्थिबंधांवर (हाडं एकमेकांना बांधणाऱ्या पट्ट्यांवर) लटकतात. त्यांना फक्त ताकदीचा भाग.

ताकदीतला पहिला मानेचा, दिसायला अगदीच किरकोळ. उताणं झोपून डोक्याखाली पातळ घडी. ‘हो’ म्हणताना मान डोलावतो त्याच्या निम्मी हालचाल : हनुवटी गळ्याकडे सरकते, डोक्याची मागची बाजू जमिनीवरून वरच्या दिशेने घसरते. ५ सेकंद धरून ठेवायचं, दहा वेळा. महिन्याभरात १० सेकंदांपर्यंत न्यायचं. डोकं उचलायचं नाही, जमिनीत दाबायचं नाही, दात आवळायचे नाहीत. मुलाला स्वतःची बोटं मानेच्या दोन्ही बाजूंना ठेवायला सांगा. तिथल्या दोऱ्या टरारून वर आल्या, तर खोलवरच्या स्नायूंऐवजी वरवरचे स्नायू काम करताहेत. जोर निम्मा करा. इथे जोर जास्त म्हणजे फायदा कमी.

दुसरा पात्यांचा. पालथं झोपून कपाळ घडीवर, पोटाखाली पातळ उशी, हात डोक्याच्या वर तिरके, इंग्रजी वाय अक्षरासारखे, अंगठे छताकडे. आधी खांद्याची पाती खाली, विरुद्ध बाजूच्या मागच्या खिशाकडे सरकवायची. ती सरकल्यावरच हात २-३ सेंटीमीटर उचलायचे. ३ ते ५ सेकंद, आठ वेळा, दोन फेऱ्या. सुरुवातीला जवळजवळ प्रत्येक मूल खांदे कानाशी नेऊन हात उचलतं. मग आखडलेले वरचे स्नायूच आणखी दमतात आणि आई म्हणते, व्यायामानंतर मान जास्त दुखते. असं झालं तर कोपरं वाकवून, हात डब्ल्यूच्या आकारात घेऊन करा. तेही जमत नसेल तर हात उचलूच नका, नुसती पाती सरकवायला शिका. आठवडाभर तेवढंच केलं तरी चालेल.

तिसरा भिंतीवरच्या दंडासारखा. तळवे खांद्याच्या उंचीला, पावलं भिंतीपासून हातभर मागे. कोपरं वाकवून छाती भिंतीकडे, मग कोपरं सरळ. आणि सरळ झाल्यावर थांबायचं नाही, भिंत आणखी थोडी लोटायची, दोन पात्यांमधला भाग पाठीकडे किंचित भरून येईपर्यंत. ही शेवटची लोट हाच खरा व्यायाम आहे. दहा वेळा, दोन फेऱ्या. खांदे आत वळलेल्या मुलाला पुढे लोटायला का सांगायचं, हा प्रश्न रास्त आहे. पातं मागे खेचून ठेवणं हा हेतू नाही, ते बरगड्यांवर सपाट चिकटून राहणं हा आहे, आणि ते काम काखेखालून बरगड्यांना धरणारा स्नायू करतो. भिंतीवर सोपं वाटलं की टेबलाची कड, मग गुडघे टेकून जमिनीवर. लोटताना डोकं पुढे लोंबू द्यायचं नाही.

चौथा पोटाचा, क्रंचेसच्या जागी. उताणं झोपून हात छताकडे, गुडघे आणि खुबे काटकोनात, पाय हवेत. कंबर जमिनीला हलकेच टेकलेली. श्वास सोडत एक टाच खाली नेऊन जमिनीला स्पर्श करायची आणि परत. मग दुसरी. प्रत्येक बाजूला सहा ते आठ, दोन फेऱ्या. कंबरेखाली एक कागद ठेवा आणि हळूच ओढत राहा. कागद निसटला म्हणजे पोटाने सोडून दिलं आणि कंबर उचलली गेली. मग टाच पूर्ण खाली न नेता अर्ध्यातूनच परत आणायची. श्वास रोखून जमवलं तर ते धरायचं नाही. म्हणून मोठ्याने आकडे मोजायला लावा, बोलणारं मूल श्वास रोखू शकत नाही.

पाचवा कुल्ल्यांचा पूल. उताणं, गुडघे वाकवून, टाचा कुल्ल्यांपासून वीतभर अंतरावर. आधी माकडहाड आत वळवून कंबर सपाट, मग कुल्ले उचलायचे, खांदा-खुबा-गुडघा एका रेषेत येईपर्यंत आणि त्याहून वर नाही. ५ सेकंद, दहा वेळा, दोन फेऱ्या. मांडीच्या मागे गोळा आला तर टाचा फार लांब आहेत, जवळ घ्या.

पहिले दोन आठवडे फक्त शिकण्याचे. या वयात पहिल्या सहा-आठ आठवड्यांत ताकद वाढते ती स्नायू जाड झाल्याने नाही, तर मेंदू आणि स्नायूंचा मेळ सुधारल्याने. म्हणून चुकीच्या पद्धतीने केलेले तीस वेळा हे बरोबर केलेल्या सहा वेळांपेक्षा वाईट. मेंदू चूकच पाठ करतो. शेवटचे दोन जरा जड जावेत पण ढब बिघडू नये, एवढीच पातळी. तिसऱ्या आठवड्यापासून आधी सेकंद वाढवा, मग संख्या, आणि मगच अवघड प्रकार. दुसऱ्या दिवशी स्नायू थोडे ठणकणं ठीक. कळ, हातापायात जाणारी सणक, किंवा दोन दिवसांनंतरही टिकणारं दुखणं आलं तर तो व्यायाम थांबवा. शक्य असेल तर सुरुवातीला एक-दोनदा फिजिओथेरपिस्टकडून ढब तपासून घ्या. पालकांच्या नजरेतून सुटणाऱ्या चुका तिथे लगेच पकडल्या जातात.

आता दिवसाचे उरलेले तास, कारण वीस मिनिटांचा व्यायाम सात-आठ तासांच्या बसण्याशी एकटा लढू शकत नाही. अर्ध्या तासात पाठ दुखते ना? मग २५ मिनिटांनी उठायचं, दुखण्याआधी. दोन मिनिटं चालणं, हात वर ताणणं, पाणी पिणं, काहीही. पावलं जमिनीवर किंवा पाटावर टेकलेली हवीत. लोंबणारे पाय कटीला मागे घसरवतात. टेबल वाकवलेल्या कोपराच्या उंचीचं. वाचायचं पुस्तक जाड फाइलला टेकवून तिरकं. डोळे खाली न्यावे लागले की डोकं मागोमाग जातं, आणि डोकं जितकं पुढे तितका मानेवरचा भार तरफेच्या नियमाने वाढतो. स्क्रीन डोळ्यांच्या पातळीला. दप्तर वजनाच्या १० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ४० किलोच्या मुलाला ४ किलो. दोन्ही पट्टे खांद्यांवर, जड पुस्तकं पाठीला लागून, तळ कंबरेच्या फार खाली लोंबणार नाही असा.

डोळे तपासून घेतलेत का? पुस्तकावर ओणवं होणाऱ्या मुलाला कित्येकदा नीट दिसत नसतं, आणि मग कितीही व्यायाम केले तरी ते अक्षराजवळ जाणारच. तसंच तोंड उघडं ठेवून झोपणारं, कायम नाक चोंदलेलं मूल श्वासाची वाट मोकळी राहावी म्हणून मान पुढे काढतं. त्याला आधी कान-नाक-घसा तज्ज्ञ लागतो.

खेळ सोडवू नका. जागतिक आरोग्य संघटनेच्या २०२० च्या मार्गदर्शक सूचनांप्रमाणे ५ ते १७ वयाच्या मुलांना रोज सरासरी किमान ६० मिनिटं मध्यम ते दम लागेल अशी हालचाल हवी, आणि आठवड्यातून किमान तीन दिवस त्यात स्नायू-हाडं बळकट करणारे प्रकार हवेत. चढणं, पोहणं, पळणं, चेंडू फेकणं यातलं जे त्याला आवडेल ते.

टोकण्याऐवजी एकच वाक्य ठरवा : ‘डोक्याचा शेंडा छताकडे.’ यात खांदे मागे ओढणं नाही, छाती काढणं नाही. कणा आपसूक लांब होतो आणि कंबर आत जात नाही. दिवसातून दोनदा, शांतपणे. बाकी वेळ काही बोलू नका.

प्रगती डोळ्यांनी ठरवू नका, मोजा. आज त्याला भिंतीला पाठ लावून उभं करा, टाचा भिंतीपासून ५ सेंटीमीटरवर, कुल्ले आणि पाठ टेकलेली, नजर समोर. डोक्याची मागची बाजू आणि भिंत यांत किती बोटं मावतात ते लिहून ठेवा. मग उताणं झोपवून, हात शरीराशेजारी ठेवून, खांद्याच्या टोकाची मागची बाजू जमिनीपासून किती वर राहते ते मोजा. अडीच सेंटीमीटरपेक्षा जास्त असेल तर छातीचे स्नायू आखूड आहेत असं धरतात. तिसरा आकडा, अभ्यासाला बसल्यावर किती मिनिटांनी दुखायला लागतं. दर चार आठवड्यांनी हे तीन आकडे पुन्हा. सहसा मिनिटं आधी सुधारतात, आकार मागून, आणि दिसण्याजोगा फरक पडायला ८ ते १२ आठवडे जातात. बारा आठवडे नियमित करूनही तिन्ही आकडे जागचे हलले नाहीत, तर व्यायाम वाढवू नका, अस्थिरोगतज्ज्ञांकडे जा.

फरक पडल्यावर ताकदीचा भाग आठवड्यातून दोनदा चालू ठेवा. पूर्ण सोडला तर मिळवलेलं काही आठवड्यांत ओसरायला लागतं. आणि पुढे वाकवून पाठ बघण्याची ती पहिली तपासणी, आज नीट निघाली तरी, त्याची उंची वाढायची थांबेपर्यंत दर तीन-चार महिन्यांनी करत राहा. उंची मोजाल त्याच दिवशी.